आडव्या अक्षापाशी

कारंज्याच्या आमच्या शाळेत आठवीनंतर मुलींना बीजगणिताऐवजी घरकामाचा विषय घ्यावा लागे. मला बीजगणितच हवं होतं. मोठ्या भावाच्या जुन्या पुस्तकावरून मी आलेख काढायला शिकले होते. मी हट्ट सोडेना, तेव्हा वडील आमच्या गावाहून, धनजहून, मोटारीनं मला शाळेत घेऊन आले.

हेडमास्तरांनी आम्हाला थेट मुलांच्या वर्गात नेलं. मला म्हणाले, "फळ्यावर करून दाखव. मग बघू."

त्यांनी आधी सरळ रेषेचं समीकरण दिलं आणि ती अक्षांना कुठं छेदते ते विचारलं. क्ष शून्य धरून उभ्या अक्षावरचा बिंदू काढला, य शून्य धरून आडव्यावरचा. फळा पुसून त्यांनी दुसरं समीकरण लिहिलं: य बरोबर क्षचा वर्ग अधिक एक.

"आता ही वक्ररेषा आडव्या अक्षाला कुठं छेदते?"

मी य शून्य धरला. क्षचा वर्ग बरोबर वजा एक आला. एक घालून बघितला, वजा एक घातला. दोन्हींचा वर्ग अधिक एकच. खडू घामानं ओला झाला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर असणारच," हेडमास्तर म्हणाले.

वडील दारात उभे होते. "येत नसन त ये, माय," ते हळूच म्हणाले. "मोटर निघून जाईन."

मला रडू येत होतं. मी पुन्हा फळ्याकडे बघितलं. वर्ग काही शून्याखाली जात नाही. त्यात एक मिळवला की रेषा वरच राहणार.

"कुठंच नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, सर. उभ्या अक्षाला एकावर छेदते. आडव्याला शिवतसुद्धा नाही."

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला. मग समोरच्या मुलाला म्हणाले, "तू मागं जा. ही इथं बसेल."

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "कुठंच नाई म्हणलं, तरी बरोबर कसं?"

मी समजावू लागले. त्यांना कळलं नाही, पण ते मान हलवत राहिले. मोटार निघून गेली होती. मला कारंज्यातल्या मावशीकडे सोडून ते कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीत बसले. गाडी हलताना ते गाडीवानाला सांगत होते, "पोरगी बीजगणित शिकून राह्यली."

"ते काय असते?" गाडीवानानं विचारलं.

वडील काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही.