बिनउंबऱ्याचं घर

जे काम झोप उडवतं, त्याचेच किस्से जास्त साठतात. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात असं एकच काम आलं आणि त्याचे किस्से सांगून मी आजवर बादलीभर चहा फुकट प्यायलोय.

न्हावा शेवाचं बंदर बांधत होते तेव्हाची गोष्ट. वाशीत एका शेठचं बैठं घर रिकामं होतं. तिथे अपंग मंडळींनी एकत्र, आपल्या हिमतीवर राहायचं. घर नव्याने आखायचं आमच्या कर्णिक सरांनी. शेठची अट एकच. सगळे स्वतःहून आत-बाहेर करू शकले तर चावी, नाहीतर घर बंदरावरच्या साहेबांना भाड्याने. राहायला येणाऱ्यांतल्या सुशीलाताई चाकाच्या खुर्चीवरून नोकरी करायच्या. भावाच्या घरातली त्यांची खोली आता त्याच्या मुलाच्या लग्नासाठी हवी होती. त्यामुळे त्यांचं टेन्शन आम्हालाही.

*

मापं कळावीत म्हणून सर स्वतः चाकाच्या खुर्चीत बसले आणि ऑफिसच्या संडासाच्या दारात असे अडकले की पुढे नाही, मागे नाही. नेमका शेठचा फोन. मी म्हटलं, सर साइटवर आहेत.

आतून आवाज आला, "अजून तासभर असतील म्हणावं!"

*

मिस्त्री जवळच्या बोनकोडे गावचा. उंबरा नको म्हटलं की मान डोलवायचा, दुसऱ्या दिवशी उंबरा हजर. म्हणे, उंबरा नाय तं लक्षुमी घरात थांबंल कशी?

सुशीलाताईंनी उंबऱ्यापाशी खुर्ची थांबवली. "मिस्त्री, तुमची लक्ष्मी थांबली आत. मी बाहेर थांबू?"

त्याने लगेच छिन्नी घातली.

*

उंबरा गेला आणि तिथे राहायला येणारे दामलेकाका बिथरले. त्यांना दिसत नसे. पायाला उंबरा लागला की खोली संपली, हा त्यांचा हिशेब. सगळ्यांनी आत-बाहेर करून बघायच्या तालमीच्या दिवशी ते थेट ताईंच्या खोलीत शिरले आणि कॉटवर ऐसपैस बसले.

ताई म्हणाल्या, "काका, एकत्र राहायचं ठरलंय. एवढं नाही."

सरांना मात्र घाम फुटला. एकीला उंबरा नको, दुसऱ्याला हवाच, आणि शेठ परवा येणार! शेवटी दारादारांत खरखरीत लादीची पट्टी बसवली. चाकाला अडवत नाही, तळव्याला कळते.

*

शेठ आले ते गृहप्रवेशासाठी गुरुजींना घेऊनच. ताईंनी पहिलं आत जायचं. मी हात लावायला पुढे झालो, तर सरांनी मागून माझा शर्ट धरला.

गुरुजी सवयीने म्हणाले, "उजवा पाय आधी."

शेठ सरांकडे बघतायत, सर जमिनीकडे.

ताईंनी चाकांवर हात ठेवले. "गुरुजी, माझी दोन्ही चाकं एकदमच येतात."

खुर्ची आत गेली, वळली. दारातून हात बाहेर आला.

"शेठ, चावी द्या. आतून लावून बघते."