कुडव्याच्या परसातलं मोहाचं झाड

वाईहून लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हा आमच्याकडे हा मुलूख म्हणजे परदेशच समजत. यजमान रेल्वेत कारकून. आठ वर्षांत आम्ही सहा बिऱ्हाडं बदलली, आणि प्रत्येक घरमालकिणीनं मला शिकवण्याचा वसा घेतला होता. इथं वाळवण घालू नका, तिथं पाणी सांडू नका. शेवटी मी निक्षून सांगितलं, "मला माझं घर हवं. तिथं दुसऱ्या कुणाची सत्ता चालता कामा नये. नाहीतर मी चालले माहेरी."

यजमानांनी शेजारच्या कुडवा गावात घर शोधलं. कौलारू, दोन वर्षं रिकामं पडलेलं, परसात विहीर, गोठा आणि मोहाचं मोठं झाड. माझ्या पाटल्या मोडल्या, गावचा जमीनदार म्हणजे मालगुजार, त्याची संमती काढली. खरेदीखत यजमानांनी मला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातल्या चतुःसीमा मला अजून पाठ आहेत.

माघात राहायला गेलो. चैत्रात एका पहाटे मागचं दार उघडते तर काय, एक म्हातारी दोन सुनांना घेऊन माझ्या परसात मोहाची फुलं वेचत बसलेली.

"कुणाला विचारून आलात?" मी कडाडले.

म्हातारीनं मान वर केली नाही. "झाड आमचं आहे नं बाई. घर तुमी घेतलं. झाड कायले तुमचं होईल?"

यजमानांनी चष्मा लावून खत चौथ्यांदा वाचलं. विहीर होती, गोठा होता, कुंपणसुद्धा होतं. झाड नव्हतं. मालगुजार म्हणाला, घर एकाचं नि मोह दुसऱ्याचा, हे इकडे चालतंच. ते झाड म्हातारीच्या सासऱ्यापासून तिच्या घरचं.

माझं डोकं फिरलं. पाटल्या गेल्या त्या गेल्या, वर उजाडायच्या आत परसात तीन बायका! मी कुंपणाच्या वाटेत बाभळीचे काटे भरले. तिनं ते काढून नीट बाजूला रचून ठेवले. मग मी तिच्याआधी उठायला लागले. तीन दिवस टोपल्या भरभरून फुलं आणली आणि पूजेची फुलं ठेवतात तशी माजघरात ओल्या फडक्याखाली झाकली. म्हातारी मागाहून पडलेली वेचून नेई.

चौथ्या सकाळी यजमान संध्येला बसले आणि तसेच उठले. "अगं, घरात दारूची भट्टी लावलीस की काय?" ज्या माणसानं औषधातसुद्धा कधी आसव घेतलं नाही, त्याच्या देवघरात तो आंबूस दर्प भरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वासावर म्हातारी सरळ माजघरात आली. फडकं उचलून म्हणाली, "हे उन्हात वाळवाचे असतेत वं. झाकून ठेवलं काऊन?" तिनं सगळा ढीग बाहेर नेला, चांगला तेवढा निवडून अंगणात पसरला.

"घेऊन जा सगळं," मी फणकारले, "तुमचंच आहे."

तिनं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, "दोन वर्सं घर खाली होतं. कोनी बोलाले नाही, भांडाले नाही. औंदा मजा येऊन राहिली."

आठ वर्षांत या मुलखात मी आल्याचा कुणाला आनंद झाला, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोहाच्या वासानं डोळे चुरचुरतात, असं मी तिला सांगितलं.

"नाही चुरचुरत," ती म्हणाली, आणि फुलं उलटी करायला मला हाताशी घेतलं.