आबांची तिसरी हाक

स्पीकर बिघडला असं समजून मी तो पिशवीत घालून माजलगावच्या बाजारात रफिककडे नेला. आमच्या मनूनं पुण्याहून तिच्या बँडचा नवा अल्बम मोबाइलवर पाठवला होता. त्यातलं चौथं गाणं लावलं, तर चार मिनिटं नुसतं घूंऽऽ. मी स्पीकरला दोन चापट्या मारल्या, उलटा करून झटकला, दमट झाला असेल म्हणून उन्हातही ठेवला. रफिकनं तो उघडलादेखील नाही. तेच गाणं लावून मान तिरकी करून ऐकत बसला आणि म्हणाला, “काका, स्पीकर एकदम ओके हाय. गानंच तसं हाय.” मी त्याला काही सुनावणार, तेवढ्यात त्या घूंमधून हाक आली, “शालेऽऽऽ!” आणि मी स्टुलावरून ताडकन उठून म्हणालो, “घरात आहे आबा, पाठवतो!”

दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहिली. शाली म्हणजे शालिनी, माझी बायको. आबा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मनूनं अल्बमबरोबर निरोप पाठवला होता, तो मी वाचलाच नव्हता. वाचायच्या आधी बटण दाबायचं, ही माझी जुनी रीत. निरोप असा होता : “पप्पा, चौथ्या गाण्यात आबांचा आवाज आहे. आईला ऐकव. ती नको म्हणाली तर गाणं काढून टाकू. पण आठवड्याच्या आत सांग, मग अल्बम बाहेर पडेल.” म्हणजे आता हे काम माझ्या गळ्यात होतं. बायकोनं मात्र वडील गेल्यापासून त्यांचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नव्हता.

आबांना हळू बोलता येत नसे. सिंदफणेच्या काठी त्यांचं गाव, शेत नदीपल्याड. सगळा जन्म या काठावरून त्या काठावर बोलण्यात गेलेला. समोर बसलेल्या माणसाशीही ते मध्ये नदी असल्यासारखे बोलत. त्यांचा फोन आला की मी मोबाइल हातभर लांब धरायचो आणि स्वयंपाकघरातून बायको परस्पर उत्तरं द्यायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाव्हणं, पवता येतं का?” तो सगळ्या आळीनं ऐकला. मी आष्टीकडचा. आमच्याकडे नदीत बैल धुवायचा तर आधी पाणी शोधावं लागतं. मी “येतं” म्हणालो. पुढं पंचवीस वर्षं त्यांनी कधी पोहायला चला म्हटलं नाही. माझी लाज त्यांनी अशी सांभाळली.

हाक मारायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. कुणालाही हाक मारायची तर तीनदा. पहिलीला माणूस समोर येऊन उभा राहिला तरी उरलेल्या दोन मारूनच थांबायचे. मी एकदा विचारलं, तर माझ्या अडाणीपणाची कीव करत म्हणाले, “भूत लई तर दोन हाका मारतं. तिसरी त्याला जमत न्हाई. तिसरी फकस्त जित्त्या मानसाची.” म्हणून त्यांच्या घरात पोरं तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नसत. बायको तर यात पटाईत होती. संध्याकाळी देवळामागं खेळत असताना पहिली हाक आली की तिचा अर्धा डाव बाकी, दुसरी आली की थोडा बाकी, आणि तिसरीला ती घराच्या उंबऱ्यावर.

ती अकरा वर्षांची असताना धरणाचं पाणी गावात यायचं ठरलं. सामान ट्रॅक्टरवर चढलं, माणसं चढली आणि शाली सापडेना. ती देवळामागं बसून होती. आबांनी पहिली हाक मारली, दुसरी मारली. तिसरी मारताना त्यांचा तो आवाज चिरकला. ती उठून आली आणि ट्रॅक्टर निघाला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी भाकरी थापता थापता ती एवढंच बोलली होती, “तिसरीला गेले नसते, तर ट्रॅक्टर हललाच नसता, असं वाटायचं मला.”

नवं गाव माळावर वसलं. सरळ रस्ते, एका मापाची घरं. आबा तिथं राहिले, पण त्यांच्या बोलण्यात जुनं गावच राहिलं. सपाट माळावरून निघताना म्हणायचे, “जरा खाली नदीवर जाऊन येतो.” एखाद्यानं पत्ता विचारला, तर चाळीस हात पाण्याखालच्या चिंचेपासून डावीकडं वळायला सांगायचे. बाहेरगावची माणसं गोंधळायची. गावातली जुनी माणसं मात्र बरोबर पोचायची.

उन्हाळ्यात पाणी हटलं की गावाचा सांगाडा वर यायचा. भेगाळलेला गाळ, देवळाचा चौथरा, जोत्यांचे दगड. दरसाल आबा तिथं जायचे आणि एकदा मला घेऊन गेले. भिंत एकही उरली नव्हती, तरी ते बोळाबोळानं चालले होते. कोपरा आला की वळायचे. मला ऊन सोसेना, म्हणून मी जवळच्या वाटेनं मधून आडवा निघालो. मागून गर्जना झाली, “ओ पाव्हणं! लोकांच्या सैपाकघरात कशापायी शिरलात? आन् तेबी चपला घालून?” मी चपला काढल्या. तापलेल्या गाळावर नाचत नाचत, नसलेल्या दारातून, नसलेल्या मालकिणीची माफी मागून बाहेर आलो. त्या वेळी हसू आलं होतं. घरी येऊन पाय पाण्यात बुडवल्यावर मात्र वाटलं, आपण खरंच कुणाच्या तरी घरातून आलो आहोत.

बायको तिथं कधीही गेली नाही. आबा दर उन्हाळ्याला विचारत, ती दर उन्हाळ्याला काहीतरी काम काढी.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मनू त्यांच्याबरोबर तिथं आवाज टिपायला गेली. माइक, वायरी, कानावर मोठी झाकणं. ती बँडमध्ये बास गिटार वाजवते. त्या संगीताला पोस्ट-मेटल म्हणतात, एवढं मी पाठ केलं आहे. आबांनी चौकशी केली, “तुमच्यात गानं कोन म्हनतं?”

“कुणीच नाही आबा. शब्द नसतात आमच्यात.”

“मंग लोकं कशापायी येतेत?”

“तुम्ही इथं येता ना, तशीच येतात.”

आबांना हे पटलं असावं, कारण ते गप्प बसले. ते गप्प बसल्याची मला ठाऊक असलेली ही एकच वेळ. मग स्वतःच्या घराच्या जोत्यावर उभे राहिले, देवळाकडं तोंड केलं आणि लेकीला हाक मारली. एक. दोन. चौथऱ्यावरचे बगळे उडाले. मनू माइक धरून तिसरीची वाट बघत राहिली.

“तिसरी, आबा?”

“ती ठिवली. पुढल्या उन्हाळ्यात तुझ्या आईला घिऊन ये. तिला म्हनावं, देवळामागं जाऊन बस. मंग मारतो.”

मनूनं हे आईला तेव्हाच सांगितलं होतं. बायको “बघू” म्हणाली होती. दिवाळीच्या आत आबा गेले. पुढच्या उन्हाळ्यात धरण भरलेलंच होतं, देवळाचा चौथरासुद्धा वर आला नाही.

रविवारी दुपारी बायको मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर स्पीकर ठेवला, घसा साफ केला आणि प्रस्तावना सुरू केली, “हे बघ, हे संगीत जरा वेगळ्या प्रकारचं असतं—”

“मनूनं सांगितलंय मला सगळं,” ती म्हणाली. “चार दिवस झाले, तुमी कधी लावता तेच बघतेय. लावा.”

घूं सुरू झालं. आता मला ते पाण्यासारखं ऐकू येऊ लागलं, वर काही न हलणारं आणि खाली सगळं गाव धरून बसलेलं. लांबून एक ढोल. मग हाक आली.

“शालेऽऽऽ!”

बायकोच्या हातातली काडी हातातच राहिली. गिटारी हळूहळू चढत गेल्या. दुसरी हाक आली. तिनं मान वर केली, स्पीकरकडं नाही, दाराकडं. ओठ थोडे उघडले. आणि मग धरणाचे सगळे दरवाजे एकदम उचलावेत तसं ते संगीत कोसळलं. किती वेळ कोसळत होतं कोण जाणे. खिडकीची तावदानं थरथरत होती. त्या सगळ्या गदारोळात ती पुढं झुकून काहीतरी शोधल्यासारखी ऐकत होती. आवाज ओसरत ओसरत संपला. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, “मनू म्हणत होती, दुसऱ्या हाकेचीच नक्कल करून तिसरी बसवता येईल. कुणाला कळणारसुद्धा नाही. बसवायला सांगू का? का गाणंच काढायला सांगू?”

तिनं निवडलेली मेथी एका बाजूला केली, काड्या पदरात गोळा केल्या आणि उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. तिचा आवाज तिच्या मानानं बराच मोठा आला, मध्ये नदी असल्यासारखा.

“काई काढू नका आन् काई घालू नका. तिला म्हनावं, हाय तसं ऱ्हाऊ दे. तिसरीपर्यंत थांबायची सवय हाय मला.”