क्षबाईंविरुद्धचं पत्र

क्षबाई गणितात आकडेमोड करायच्याच नाहीत. फळ्यावर समीकरण उभं राहिलं की खडू खाली. "पुढचं कोणीही करेल," म्हणायच्या. शाळेचा मराठी वर्ग बंद पडल्यावर त्यांना आमच्या इंग्रजी माध्यमात आणलं होतं, तरी अज्ञात संख्येला त्या क्षच म्हणत. त्यावरून हे नाव.

शाब्दिक उदाहरण पुरतं न वाचता कोणी त्यातले आकडे उचलू लागलं की बाईंचा आवाज चढे, तोही गुजरातीत. "पहेलां बोल, पछी लख." आधी बोल, मग लिही, आणि बोलायचं घरच्या भाषेत. एकदा आईचं वय मुलीच्या वयाच्या 'फोर लेस दॅन थ्राइस' असं आलं. अर्ध्या वर्गाने चारातून तिप्पट वय वजा केलं. मीही.

"मराठीत सांग," बाई म्हणाल्या.

"तिपटीहून चारने कमी."

"मग चारातून काय वजा करतेस? आई अजून जन्मायची आहे का?"

वर्ग हसला. मी चिडून खोडलं, पण ती चूक पुन्हा झाली नाही.

त्या वर्षी आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत पालक जमले. इंग्रजी माध्यमात घातलंय आणि वर्गात मराठी-गुजराती? तक्रार इंग्रजीत द्यायची होती आणि बाबांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले, मी भाषांतर करत गेले.

"बाई चांगलं शिकवतात," मी मध्येच म्हटलं.

"सांगतो तेवढं लिही."

मी लिहिलं. एक वाक्यही चुकलं नाही, याची आजही चीड येते. पहिली सही बाबांची.

मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं, वर्गात फक्त इंग्रजी. बाई म्हणाल्या, "मुलीला कळलंच नाही, तर ती मांडणार काय?" त्यांचे तास काढून घेतले. उभं आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या बाईला कोऱ्या उत्तरपत्रिकांवर शिक्के मारायला बसवलं. नव्या सरांनी फळ्यावर यादी लिहिली: 'लेस' दिसलं की वजाबाकी. आम्ही ती मुकाट्याने उतरवून घेतली. दोन महिन्यांत राजीनामा देऊन बाई डभोईला भावाकडे गेल्या.

दहावीचा निकाल लागल्यावर मी बसने डभोईला गेले. बाई ओट्यावर तूर निवडत होत्या.

"ते पत्र मी लिहिलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुझं अक्षर ओळखते मी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "'वडील सांगत होते, मी लहान होते', असं म्हणायला आलीस का?"

मला नेमकं तेच म्हणायचं होतं.

"पाणी पी आणि नीघ. चारची बस मिळेल."

बाईंनी मला माफ केलं नाही. घरी पोचेपर्यंत मी त्यांच्यावरही धुमसत होते. बाबा दारातच पेपर वाचत बसले होते.

"भेटल्या का बाई? काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला. "बाईंचं राहू द्या," म्हटलं. "मला काय म्हणायचंय ते ऐका."