अंगणातून तपासलेलं पोट

"तिथंच थांब बे. पायरी चढू नको. काय इचाराचं ते तिथूनच इचार."

पाटलानं मला डॉक्टर म्हणून बोलावलं होतं आणि अंगणात उभं केलं होतं. मी तेव्हा नागपूरला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी आलो होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या अलीकडचं आमचं गाव. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या वस्तीनं घरातले देव काढून टाकले होते, मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. पाटलाची पायरी मात्र होती तिथंच होती.

आणि मला राग आला नाही. लिहिताना लाज वाटते, पण आला नाही. उलट छाती फुगली होती. पाटलाचा गडी आमच्या दारात येऊन म्हणाला होता, "डॉक्टर हायेत का घरी?" हायेत म्हणाला. एवढ्यावर मी हुरळलो. बापानं माझा कोट दोनदा झटकून दिला.

आत पाटलाची मुलगी होती, कौसल्या. अठरा-एकोणीस वर्षांची, चार दिवसांसाठी माहेरी आलेली. तिचं तोंड मला दिसलं नाही. दाराला आडवं लुगडं बांधलं होतं. पलीकडून कण्हणं येत होतं, मध्येच ओकारीचा आवाज. दाराशी तिची आई उभी. मी अंगणातून विचारायचं, आईनं आत जाऊन पाहायचं आणि बाहेर येऊन मला सांगायचं. तपासणीची ही रीत पाटलानं ठरवली होती. मी मान डोलावली.

"दुखणं कुठून सुरू झालं?"

"बेंबीपासून. आता उजव्या अंगाले खाली दुखून राह्यलं म्हन्ते."

हे मी वॉर्डात पाहिलं होतं, पुस्तकात वाचलं होतं. आतड्याचं शेपूट, म्हणजे अपेंडिक्स, सुजलं की दुखणं असंच सरकतं. ते फुटलं तर माणूस हातचं जातं. आमचे सर्जरीचे सर सांगायचे, आधी स्वतःचे हात चोळून गरम करा, मग रोग्याच्या पोटावर ठेवा, पोट तुम्हाला सगळं सांगेल. माझे हात खिशात होते.

ताप पाहायला मी थर्मामीटर काढला. पाटलीणबाईंनी पदराच्या टोकात धरून तो आत नेला. कौसल्याच्या तोंडात घालण्याआधी त्यांना तो शुद्ध करायचा होता. चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं त्याच्यावर. काच फुटली, पारा राखेत सांडला. गड्यानं ते तुकडे पळसाच्या पानावर आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. मी ते गोळा केले.

मग मी सांगितलं, बेंबीच्या खाली, उजवीकडे हळूच दाबा, खोल दाबा आणि हात झटकन काढा. हात काढताना कळ येते का ते बघा. पोट पाटीसारखं कडक लागतं का, तेही बघा. त्या आत गेल्या. आईच ती. दुखऱ्या पोटावर जोर कसा देणार? लुगड्यावरूनच जरासा हात फिरवून आल्या असतील.

"नाई बा, पोट नरम हाये. आता जरा गुमान पडली हाये."

अचानक दुखणं थांबलं म्हणजे ते शेपूट आत फुटलं असेल, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलेलं होतं. तोंडाशी आलं होतं की मला आत येऊ द्या. पाटील ओसरीवर उभा होता, पायरीच्या बरोबर वर. मी म्हणालो, "गरज पडली तर बुलढाण्याला न्यावं लागेल. उद्यापर्यंत वाट बघू." गरज पडली तर. हे माझेच शब्द. घाबरट माणसाचे शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्या गेली.

पाटील पारावर म्हणाला, "महाराच्या पोराच्या अकलेवर भरोसा ठेवला अन् पोरगी गमावली." गावानं माना हलवल्या. त्याच्यावर मी चिडायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात फक्त तिचं गुमान पडणं होतं.

नागपूरला परत गेलो. वॉर्डात कुठल्याही बाईच्या पोटावर हात ठेवला की वाटायचं, ही तीच. बोटांना ते लाकडासारखं पोट लागायचं, जे मी कधी शिवलोच नव्हतो. सर म्हणायचे, "अरे, किती वेळ दाबतोस? झालं ना." मला खात्री वाटायची नाही. जेवताना वाटायची नाही, आंघोळ करताना वाटायची नाही. आजही एखादी रोगी बाई अचानक शांत झाली की माझा हात आधी तिच्या पोटावर जातो.

पुढच्या सुट्टीत तोच गडी पुन्हा आला. पाटलाच्या नातवाचं पोट दुखत होतं. सात-आठ वर्षांचं पोर. मी गेलो. पोर ओसरीवरच बाजेवर तळमळत होतं, माझ्यापासून चार हातांवर. पाटील म्हणाला, "तिथूनच सांग, काय झालं त्याले?"

"मी वर येतो. पोटाला हात लावून पाहतो."

"ते नाई जमणार."

"मग गाडी जुंपा. बुलढाण्याला न्या. आत्ताच्या आत्ता."

"काऊन? मागच्या खेपेले तर इथूनच सांगतलं होतं तू."

"म्हणूनच," मी म्हणालो. "कौसल्याले तुमच्या पायरीनं मारलं. अन् म्या मारलं, पायरीखाली गुमान उभं राहून. आता इथून एक शब्द सांगणार नाई."

पाटलाचा चेहरा काळा-निळा झाला. पोर रडत होतं. उद्या हे पोर गेलं तर गाव आमची वस्ती पेटवील, हे मला कळत होतं. तरी मी हाललो नाही. शेवटी पाटील गड्यावर खेकसला, "जुंप गाडी." पायरी त्यानं सोडली नाही. गाडी गेली. पोर वाचलं, जंतांचं दुखणं निघालं.

गाव म्हणालं, शिकला अन् माजला. बाप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

माजलो तर माजलो. डॉक्टर होऊन आता बरीच वर्षं झाली. कौसल्या अजून दाराआड कण्हते. मी तिची माफी मागत नाही, मिळणारही नाही. एवढंच ठरवून टाकलं आहे, माझ्या हाताचा ज्यांना विटाळ होतो, त्यांना माझा अंदाज मिळणार नाही. अंगणातून मी पुन्हा कुणाला मरू देणार नाही.