मेंढ्यांच्या डोक्यावर सोलर

सत्यभामाबाईंचा आणि माझा बांधाला बांध आहे, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा हक्क गावात माझ्याइतका कोणालाच नाही. बाई एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी उत्तर बदलत नाही. मला याचा कितीदा तरी राग आला आहे, आणि खरं सांगते, हेवाही वाटला आहे.

आमचं आसगाव धानाचं. इथे लोक शेळ्या पाळतात; मेंढ्या फिरस्त्या मेंढपाळांच्या. उन्हाळ्यात त्यांचे कळप आले की शेतात बसवून घ्यायचे, लेंडीखत पडलं की झालं. बाईंनी मात्र स्वतःचाच कळप उभा केला. "लोकाच्या मेंढ्यायची वाट कायले पाहू?" म्हणाल्या. गाव हसलं, मीही हसले. पुढे त्यांचं धान माझ्यापेक्षा गर्द दिसायला लागलं तेव्हा माझं हसू आटलं.

अडचण पावसाळ्याची. आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, पाणी अडवलेलं असतं. त्यात मेंढी उभी राहिली की खुरं सडतात. एका वर्षी झडीत निम्मा कळप लंगडून लंगडून मेला. तेव्हापासून बोडीच्या, म्हणजे शेताच्या तळ्याच्या, काठचा टेकडा मेंढ्यांचा झाला. सगळ्या शेतात कोरडी राहणारी जागा तेवढीच.

सोलर पंप मंजूर झाला आणि पाट्या, म्हणजे पॅनल, बसवायला आलेल्या धनंजयने बोट दाखवलं ते नेमकं टेकड्याकडे. त्याचंही चुकत नव्हतं. सावली नको, पाणी साचायला नको, बोअरवेल जवळ हवी. बाईंचे मालक चिंधूभाऊ खूश झाले. मेंढ्यांचा त्यांना आधीपासूनच वीट.

"पाणी आलं तं उन्हाळी धान लावू," ते म्हणाले. "मेंढ्या इकून टाक."

"पाट्या टेकड्यावरच बसतीन," बाई म्हणाल्या, "पन मेंढ्या बी ततीच राहतीन."

"दोनी कसे मावतीन, मावशी?" धनंजयने विचारलं.

बाईंनी खळ्यातल्या मांडवाकडे हात केला. आमच्याकडे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, उंच लाकडी मांडवावर रचतात आणि खाली बैल बांधतात.

"तसा कर. वर तुया पाट्या, खाली माया मेंढ्या."

"पाटी वारा पकडते मावशी. उंच केली तं वावटळीत उलटून पडन. अन् आमचे पाइप बुटकेच येतात."

बाई तडक मेंढ्यांकडे गेल्या. कळप हाकून आणला आणि टेकड्यावर मधोमध जाऊन बसल्या. धनंजयचा टेम्पो जसा भरलेला आला तसाच परत गेला. चिंधूभाऊंनी त्या दिवशी चढवलेला आवाज माझ्या चुलीपर्यंत आला. मलाही वाटलं, बाईंनी हातचं घालवलं.

दुसऱ्या दिवशी बाई भंडाऱ्याच्या बसमध्ये चढल्या त्या बांबू घेऊन. डोक्यावर लेंडीचं टोपलं घेऊन उभ्या राहिल्या तर जेवढ्या उंच होतील, तेवढा बांबू. तो कोणाच्या पाठीत गेला, कोणाच्या पिशवीत. कंडक्टर म्हणाला, बांबूचं तिकीट काढा. "पहिले त्याले बसाले जागा द्या," बाई म्हणाल्या. भंडाऱ्याला सोलर कंपनीच्या गोदामात धनंजयसमोर त्यांनी तो उभा केला.

"एवढं उंच पायजे. पडू नये म्हणून काय करा लागते ते तू सांग, मी करीन."

त्या शेवटच्या बोलण्याने धनंजयचा राग गेला, असं त्यानेच नंतर मला सांगितलं. त्याने साहेबांच्या मागे लागून लांब पाइप मिळवले, तिरपे आधार जोडायचं ठरवलं आणि खड्डे नेहमीच्या दुप्पट खोल सांगितले. खणायचं काम बाईंचं. टेकड्याची जमीन मुरमाड, सब्बल, म्हणजे पहार, ठणकन वाजायची. चिंधूभाऊ बांधावर बसून बघायचे. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी सब्बल हातात घेतली, पण अट घालून.

"पुढच्या झडीत एकबी मेंढी लंगडली तं सारा कळप इकाचा. कबूल?"

"कबूल," बाई खड्ड्यातून म्हणाल्या.

मला असा संताप आला! जनावरांच्या पायांवर कोणी पैज लावतं का?

पाट्या चढल्या, पंप धो-धो चालला, आणि धानाची मळणी झाल्यावर एके दिवशी बंद पडला. चिंधूभाऊंनी फोनवर धनंजयला फैलावर घेतलं, उंच केलं म्हणूनच बिघडलं म्हणून. धनंजय आला, वर पाहिलं आणि पोट धरून हसला. चिंधूभाऊंनी सवयीने तणसाचे भारे पाट्यांवरच रचून दोरीने आवळले होते. खांब दिसले की मांडव, आणि मांडव दिसला की तणस. आमच्या गावात दुसऱ्या कोणीही हेच केलं असतं. बाई चिंधूभाऊंना एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. शिडी लावली आणि भारे उतरवले.

मग श्रावणात झड लागली. बांध्या, बांध, पायवाट सगळं एक झालं. पाट्यांखाली मेंढ्या दाटीने उभ्या, अंगावर शिंतोडे, पण पाय कोरडे. बाई रोज एकेक खूर उचलून बघायच्या. सांगायला लाज कसली, मी त्या मेंढ्यांसाठी देवाला नवस बोलले.

आणि झड सरता सरता एक मेंढी पुढचा पाय उचलून चालायला लागली. तिचा खूर बघायची बाईंची हिंमत झाली नाही. लपवलंही नाही. सरळ घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "एक लंगडून राहिली."

चिंधूभाऊंनी पवनीच्या व्यापाऱ्याला बोलावलं. तो आला तेव्हा मीही टेकड्यावर गेले. बाई खांबाला धरून उभ्या होत्या. चिंधूभाऊंनी ती मेंढी धरली, ओल्या मातीत फतकल मारून बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. खूर चाचपला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग दोन नखांत धरून बाभळीचा काटा उपसून काढला.

"लंगडली तं आहे ना," व्यापारी म्हणाला. त्याला अट ठाऊक होती.

"काट्यानं लंगडली. खूर चांगला आहे," चिंधूभाऊ म्हणाले. "तुमी च्या प्या अन् जा."

बाई त्यांच्या शेजारीच खाली बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. चिंधूभाऊ गडबडले.

"आता काहून रडतं? सरक जराशी. बाकीच्यायचे बी खुरं पाहू दे मले."

आणि त्यांनी दुसरी मेंढी ओढून जवळ घेतली.