गुळावरची चिलटं

राहू गावच्या धुरपदानं बारा वर्षं बबनरावांच्या गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढली. आता ती यवतच्या कॉलेजात चिलटांचा स्वयंपाक करते. अकलेचा दुष्काळ दोन्हीकडं सारखाच, असं तिचं मत.

तिथल्या विक्रमसरांनी प्रयोगासाठी एकाच जातीची चिलटं धरून त्यांच्या दोन वाटण्या केलेल्या. अर्ध्या बाटल्या काळ्या गुळाच्या खिरीवर, अर्ध्या ज्वारीच्या पेजेवर. तीन वर्षं, साठ पिढ्या. वेगळं खाऊन खाऊन गुळाचा नर पेजेच्या मादीकडं बघेनासा झाला, तर एका जातीच्या दोन व्हायला लागल्या, असं सरांचं म्हणणं.

"ह्याला तीन वर्षं?" धुरपदा म्हणाली होती. "आमच्या भावकीत बांधाच्या एका भांडणात तोंडं फिरत्यात."

नर-माद्या एकत्र सोडून बघायला महिना राहिला, तवा बबनराव आले. आता ते कॉलेजचे संचालक. गुळाचा डबा उघडून त्यांनी नाक मुरडलं. "असला काळाकुट्ट गूळ? आमची लाज काढता काय?" दुसऱ्या दिवशी पिवळ्याजर्द पाच ढेपी हजर.

"सर, ह्यो पिवळा कशानं झालाय मला ठावं हाय. ह्याच हातानं काहिलीत रंग उजळायची पावडर टाकलीया. चिलटं मरतील."

सर खिडकीतनं बबनरावांच्या गाडीकडं बघत म्हणाले, "मावशी, गूळ तो गूळ. संचालकांना नाही कसं म्हणायचं?"

एवढी बुकं वाचलेला माणूस, आन् कणा गांडुळाचा.

चौथ्या दिवशी गुळाच्या बाटल्यांत एक चिलट जितं न्हवतं. अळ्यासुद्धा काळ्या पडलेल्या. सर स्टुलावर बसले ते डोकं धरूनच. "तीन वर्षं गेली, मावशी."

धुरपदानं त्यांना चांगलं अर्धा तास तसंच बसू दिलं. मग चहाच्या डब्यामागनं कापसाचं बूच लावलेली बाटली काढून समोर आदळली. आत काळी खीर, वर चिलटांची भुणभुण. दर पिढीला ती एक बाटली मागं ठेवत आलेली.

"सगळं दही कुणी खाऊन टाकतं का? शेंबडं पोरगंबी इरजणाला चमचाभर ठेवतंय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तेवढं कुठं ऐकलंत?"

त्या एका बाटलीवरनं काळ्याच गुळावर पुन्हा चिलटं वाढली. दोन महिन्यांनी एकत्र सोडल्यावर गुळाच्या नरांनी पेजेच्या माद्यांना बहुतेक टाळलंच. सर नाचले. कार्यक्रम झाला, 'गूळ पुरवल्याबद्दल' बबनरावांना शाल-श्रीफळ. शाल सरांनीच त्यांच्या खांद्यावर घातली.

शाल मिरवत बबनराव तिच्या शेगडीपाशी आले. "धुरपदे, आमच्या गुळानं नाव काढलं बघ! उरलेली ढेप घरी ने."

"नको, आप्पा. जे चिलटांना पचलं न्हाई, ते माझ्या नातवंडांना कशाला?"

बबनराव थट्टा समजून खो खो हसले. सर बूट न्याहाळत राहिले. धुरपदानं नवी बाटली भरली, पदरानं पुसली आन् डब्यामागं सारली.